तलावाच्या पोटातील गोल

आमच्या गोंदिया जिल्ह्याला तलावांचा जिल्हा म्हणण्याची रीत आहे, आणि अर्जुनी-मोरगाव तालुक्यात ज्याचे बालपण गेले त्याला या नावाची यथार्थता वेगळी पटवून देण्याचे प्रयोजन नाही. मालगुजारांच्या अमदानीत धानाच्या ओलितासाठी बांधलेले हे तलाव वैशाखात आटत, पोटातील गाळ वाळून टणक होई, आणि धानाच्या बांध्यांतील धसकटे अनवाणी पाय फाडून काढीत असल्यामुळे आम्हां मुलांचे फुटबॉलचे मैदान म्हणजे हे तलावाचे कोरडे पोटच असे. दोन टोकांना दोन-दोन चपला ठेवल्या की गोल तयार. रुंदी चपलांनी मुकरर केली. पण उंची कोणी करावयाची? चेंडू गोलरक्षकाच्या डोक्यावरून गेला की एक पक्ष 'गोल' म्हणून ओरडे, दुसरा हरकत घेई, आणि निवाडा बहुधा ज्याचे दंड जाड त्याच्या बाजूने लागे.

पुढे या खेळाच्या नियमांचा इतिहास वाचावयास मिळाला, तेव्हा आमचीच तकरार त्यात नोंदलेली पाहून मला विलक्षण आनंद झाला. 26 ऑक्टोबर 1863 रोजी लंडनच्या फ्रीमेसन्स टॅव्हर्नमध्ये काही मंडळांचे प्रतिनिधी जमले आणि एबेनेझर मॉर्ले नावाच्या वकिलाच्या पुढाकाराने त्यांनी फुटबॉल असोसिएशन स्थापन केली; परंतु त्या वर्षी सिद्ध झालेल्या नियमावलीत गोलाचे दोन खांब आठ यार्डांच्या अंतरावर असावेत एवढेच सांगितले होते, उंचीचा उल्लेखच नव्हता, म्हणजे खांबांच्या मधून चेंडू आभाळाएवढा उंच गेला तरी तो गोलच! थोड्याच वर्षांत आठ फुटांवर फीत ताणण्याची पद्धत आली आणि 1882 मध्ये आडवी दांडी सक्तीची झाली.

1863 च्याच सभांमध्ये याहून तीव्र वाद झाला तो लाथेचा. प्रतिपक्षाच्या नडगीवर लाथ मारण्याची मुभा असावी, असा ब्लॅकहीथच्या मंडळाचा आग्रह होता. ते कलम वगळले गेले तेव्हा ते मंडळ बाहेर पडले, आणि पुढे 1871 मध्ये रग्बीची स्वतंत्र संघटना स्थापन झाली. दुबळ्याच्या नडगीला कायद्याचे संरक्षण मिळाले त्या दिवशीच आजचा फुटबॉल जन्मास आला, असे माझे मत आहे. त्याच नियमावलीत बुटांसंबंधी कलम होते, तेही ध्यानात घेण्याजोगे आहे: बुटाच्या तळव्याला वा टाचेला बाहेर आलेले खिळे अथवा लोखंडी पत्रे असू नयेत. चिंता होती ती दुसऱ्याच्या पायाची. बूट असलेच पाहिजेत, असे त्या कलमाने म्हटले नव्हते.

त्या काळी प्रत्येक पक्ष आपापला पंच आणी, आणि खेळाडूने फिर्याद केल्यावाचून निवाडा होत नसे. दोघा पंचांचे एकमत न झाल्यास मैदानाबाहेर उभा असलेला तिसरा इसम निर्णय देई. हा तिसरा इसम 1891 मध्ये शिट्टी घेऊन मैदानात उतरला, आणि 1894 पासून फिर्यादीची गरज उरली नाही. पेनल्टी किकची तरतूदही 1891 चीच. आयर्लंडमधील विल्यम मॅक्रम या गोलरक्षकाने ती सुचविली, तेव्हा सभ्य गृहस्थ जाणूनबुजून आगळीक करील हे गृहीत धरणेच अपमानास्पद होय, अशी ओरड झाली. मात्र गोलाच्या तोंडाशी पाडल्या गेलेल्या खेळाडूची बाजू मॅक्रमने घेतली, आणि मला तीच न्याय्य वाटते. ऑफसाइडचे कलम 1925 मध्ये सैल झाले. आक्रमक खेळाडू आणि गोलरेषा यांच्या मध्ये तीनऐवजी दोनच प्रतिपक्षी असणे पुरेसे ठरले, आणि इंग्लंडच्या पहिल्या श्रेणीतील गोलांची हंगामी संख्या 1192 वरून 1703 वर गेली.

आपल्या देशात हा खेळ लष्करी पलटणींबरोबर आला. मुंबईत रोव्हर्स चषक 1891 मध्ये सुरू झाला. पण हिंदी माणसाने तो आपलासा केला तो अनवाणी पायांनी. 29 जुलै 1911 रोजी कलकत्त्याच्या मोहन बागान संघाने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला 2-1 असे हरवून आयएफए शील्ड जिंकले, तेव्हा अकरांपैकी एकाच्याच पायांत बूट होते. 1948 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये फ्रान्सशी झुंजलेल्या आपल्या संघातील बहुतेक खेळाडू अनवाणीच होते. दोन पेनल्टी वाया गेल्या आणि सामना 1-2 असा हातचा गेला. 1950 च्या विश्वचषकास आपण केवळ बुटांअभावी मुकलो, ही कथा लोकप्रिय असली तरी पुरेशी नव्हे. संघनिवडीतील मतभेद आणि सरावाची अपुरी मुदत ही कारणे आपल्या फुटबॉल संघटनेने तेव्हा दिली होती. दोन वर्षांनी हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाकडून 10-1 असा पराभव झाला, आणि त्यानंतर मात्र बूट सक्तीचे झाले. तो हुकूम योग्य होता; तरी ज्या पायांनी 1911 चे शील्ड आणले त्यांना निरोप देताना मन जड होते.

गेल्या उन्हाळ्यात मी गावी गेलो होतो. पाळीवर उभा राहून पाहतो तो तलावात मुले खेळत होती, दोघांतिघांच्या पायांत बूट, बाकीची अनवाणी. चपलांच्या जागी बांबू रोवलेले होते आणि त्यांच्या माथ्याला सुतळी ताणून बांधलेली होती. चेंडू वरून गेला. सुतळी किंचित थरथरली. सर्वांत लहानग्या गोलरक्षकाने तिच्याकडे बोट दाखविले, आणि त्याच्याहून हातभर उंच असलेला पोरगा एक शब्द न बोलता चेंडू आणावयास धावला.