मनगटाचे दुखणे



मंडळाचे इतिवृत्त मी संगणकावर लिहू लागले आणि महिन्याभरात मनगट इतके दुखू लागले, की लाटणे धरवेना. चिटणीसपद सोडावे असे मनात आले. सूनबाई म्हणाली, "अहो आई, मनगट टेबलाच्या कडेवर टेकवू नका." तिनेच मला इन्स्क्रिप्टचा कळफलक शिकवला. त्यात स्वर डाव्या हाताला, व्यंजने बहुतेक उजव्या. 'का' लिहिताना दोन्ही हात कामाला लागतात. किती सोयीची मांडणी! मी तिला सांगितले, "अक्षर मोठे कर ग, आणि दर २० मिनिटांनी २० फुटांपलीकडे २० सेकंद बघ." आता दोघी अंगणातला शेवगा बघतो. परवा तिच्यासाठी पोळ्या लाटल्या. इतिवृत्त अजून मीच लिहिते. अनुस्वार तेवढे सुटतात.