दोन कॉलमांवर पसरणारी आकृती

शोधनिबंध पाठवायच्या आदल्या रात्री विद्यार्थ्यांना हैराण करणारी एक अडचण आज घेऊ.

आय-ट्रिपल-ईच्या नियतकालिकांत निबंध दोन कॉलमांत जुळवलेला असतो आणि एक कॉलम जेमतेम साडेतीन इंचांचा. पूर्ण पानाच्या रुंदीसाठी काढलेली आकृती त्यात कोंबली, तर तिच्यातलं आठ पॉइंटचं अक्षर चार पॉइंटचं होतं. ते कोण वाचणार? म्हणून ती दोन्ही कॉलमांवर आडवी घ्यायची. लेटेक या अक्षरजुळणीच्या प्रणालीत त्यासाठी ‘फिगर’ या आज्ञेला तारांकन जोडायचं आणि रुंदी कॉलमची न देता सबंध मजकुराची द्यायची.

एवढं करून पाहावं, तर आकृती पुढच्याच पानाच्या माथ्यावर! ‘इथेच ठेव’ म्हटलं तरी ती हलत नाही. याचं कारण समजून घेतलं की चिडचिड थांबते. लेटेक सबंध पान एकदम मांडत नाही. डावा कॉलम भरून बाजूला ठेवतं, मग उजवा घेतं. उजवा भरताना रुंद आकृती समोर आली, तर तिला जागा करून द्यायला डावीकडच्या ओळी खाली सरकवायच्या कशा? तो कॉलम तर बंद झालेला. म्हणून आकृती पुढच्या पानासाठी राखून ठेवली जाते.

तेव्हा तिसऱ्या पानावर हवी असलेली आकृती दुसऱ्या पानाच्या मजकुरातच लिहा. तळाशी हवी असेल, तर ‘एसटीफ्लोट्स’ हे पॅकेज आहे. रुंद आणि अरुंद आकृत्यांच्या रांगा पूर्वी वेगळ्या असायच्या, त्यामुळे तिसरी आकृती दुसरीच्या आधी छापली जाई. 2015 साली लेटेकमध्येच याची दुरुस्ती झाली.

आकृती अशी सरकते, म्हणून मजकुरात ‘खालील आकृतीत’ असं लिहू नका. ‘आकृती 3 पाहा’ म्हणा, आणि तो आकडाही हाताने न घालता लेबल लावून लेटेककडूनच घ्या.

माझं आग्रहाचं सांगणं मात्र याच्या आधीचं आहे. डावीकडून उजवीकडे जाणारा प्रवाह-आराखडा वरून खाली काढता येतो का, ते आधी पाहा. पुष्कळदा येतो, आणि मग आकृती एकाच कॉलमात, आपल्या परिच्छेदाजवळ राहते. नाहीच जमलं, तर रुंद आकृतीची जागा शेवटी ठरवा, मजकूर पक्का झाल्यावर. एक परिच्छेद वाढला की पानं सरकतात आणि सगळी मांडणी पुन्हा करावी लागते.