ओढ्यांचे आम्लीकरण आणि मत्स्यजीवन
(हीरक महोत्सवानिमित्त दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



निळा लिटमस कागद आम्लात तांबडा होतो, हे शाळेच्या प्रयोगशाळेत प्रत्येकाने पाहिलेले असते. मेघालयातील जैंतिया टेकड्यांत असे आम्ल काचेच्या नळीत नव्हे, तर वाहत्या ओढ्यांत आहे.

तेथील कोळशात गंधकाचे प्रमाण मोठे आहे. उंदरांच्या बिळांसारख्या अरुंद खाणी खणल्या, की कोळशातील पायराइट या खनिजाला हवा व पाणी मिळते आणि गंधकाम्ल तयार होते. पावसाच्या पाण्याबरोबर ते ओढ्यांत उतरते. लोहाच्या साक्याने ओढ्यांचे तळ नारिंगी होतात. लुखा नदी तर हिवाळ्यात गडद निळी दिसते. डोळ्यांना सुखावणाऱ्या त्या निळ्या पाण्यात मासे मात्र टिकत नाहीत.

निरोगी ओढ्याचा सामू साधारणतः ७ च्या आसपास असतो. तो १ ने उतरला, की आम्लता दहापट वाढते. सामू ६ च्या खाली जाऊ लागताच गोगलगायी आणि कित्येक कीटकांच्या अळ्या नाहीशा होऊ लागतात. म्हणजे माशांचे अन्नच आटते. आम्लामुळे मातीतील ॲल्युमिनियम विरघळून माशांच्या कल्ल्यांवर बसते. त्यांचा श्वास कोंडतो, रक्तातील क्षार पाण्यात निघून जातात. सामू ५ वर आला, की बहुतेक माशांची अंडी फुटतच नाहीत.

फसगत होते ती येथेच. आम्लता हळूहळू वाढत असेल, तर मोठे मासे काही वर्षे तग धरतात. ते जाळ्यात येत राहतात आणि नदी भरलेली आहे असेच वाटते. परंतु त्यांच्यामागे पिल्ले नसतात. अखेरचा म्हातारा मासा गेला, की ती जातच त्या प्रवाहातून संपते. जैंतियातील अनेक ओढ्यांनी ही पायरीही केव्हाच ओलांडली आहे.

राष्ट्रीय हरित लवादाने २०१४ साली अशा खाणकामावर बंदी घातली. तथापि सोडून दिलेल्या खाणींतूनही आम्ल पाझरतच राहते. नॉर्वेतील मांदाल नदीतून आम्लपर्जन्यामुळे नाहीसे झालेले सॅमन मासे चुनखडीच्या पुडीने पाणी सुधारल्यावर परतले. जैंतियात चुनखडीचा तुटवडा नाही. पण आम्लाचा उगम बंद झाल्यावाचून एकट्या चुनखडीने भागणार नाही.

म्हणून ओढ्याची परीक्षा जाळ्यातील मोठ्या माशावरून करू नये. काठच्या उथळ पाण्यात पिल्ले दिसतात की नाही, हे आधी पाहावे.