दारफळणीचा सण

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त नोएडा येथे दिलेले भाषण)



सणांविषयी बोलावे, अशी आज्ञा मंडळाने आम्हांस केली. गणपती, दसरा, संक्रांत यांविषयी या व्यासपीठावरून आपण पुष्कळ ऐकले आहे. आज आम्ही ज्या सणाविषयी बोलणार आहोत तो ज्यू धर्माचा आहे, पण त्याचे नाव अस्सल मराठी आहे : दारफळणीचा सण.

आम्ही बेने इस्राएल. परंपरा सांगते की, आमच्या पूर्वजांचे गलबत अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर फुटले आणि सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. त्यांचे वंशज कोकणात तेलाचे घाणे चालवू लागले. शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. जवळ धर्मग्रंथ नव्हते, पंडित नव्हते. शब्बाथ, सुंता, खवल्यांचीच मासळी आणि 'शेमा' ही प्रार्थना एवढ्या शिदोरीवर त्यांनी पिढ्यानुपिढ्या धर्म राखला. मुंबईत आमचे पहिले सिनेगॉग उभे राहिले ते १७९६ साली. सामाजी हसाजी दिवेकर यांनी ते बांधले.

हिब्रूत ज्याला योम किप्पूर, म्हणजे प्रायश्चित्ताचा दिवस म्हणतात, तीच आमची दारफळणी. स्नान करून शुभ्र वस्त्रे नेसावीत, दार लावून घ्यावे आणि सुमारे पंचवीस तास अन्नपाणी वर्ज्य करून वर्षभराच्या अपराधांची क्षमा मागावी. दुसऱ्या दिवशी शिळा सण. त्या दिवशी दार उघडावयाचे, गोरगरिबांस दान द्यावयाचे, आप्तेष्टांस भेटावयाचे.

नोकरीच्या पहिल्या वर्षी आम्ही उत्तरेत एकटेच होतो. हा कोणता सण, हे कोणाकोणाला समजावून सांगावे, या संकोचाने आम्ही रजाच मागितली नाही. दुपारी सहकाऱ्यांच्या पंक्तीला बसून जेवलोही. रात्री घरी दूरध्वनी केला. उपवासाने आईचा आवाज खोल गेला होता. तिने विचारले, "उपास सुटला का रे?" आम्ही म्हणालो, "हो." क्षमेच्या दिवशी आईशी खोटे बोललो! त्या रात्री झोप लागली नाही.

पुढच्या वर्षी अर्जात सणाचे नाव स्पष्ट लिहिले. वरिष्ठांनी ते वाचले, दोन प्रश्न विचारले आणि सही केली. अडसर त्यांच्या दाराला नव्हता, आमच्याच मनाला होता.

तेव्हापासून हा दिवस आम्ही चुकविला नाही. दिल्लीत हुमायून रोडवर १९५६ साली बांधलेले एक लहानसे सिनेगॉग आहे. आमच्या समाजातील बहुसंख्य लोक १९४८ नंतर इस्राएलला गेले. इकडे उरलो ते मोजकेच. तरीही तेथे उभे राहिल्यावर आपण थोडे आहोत असे वाटत नाही. पूर्वजांजवळ एकच प्रार्थना होती आणि तीही त्यांना पुरली, हे आठवते.

धर्माचा अभिमान म्हणजे शेजाऱ्याकडे पाठ फिरविणे, असे आम्हांस वाटत नाही. एक दिवस दार लावून आपण कोण आहोत हे ओळखावे, म्हणजे उरलेले दिवस ते निर्भयपणे उघडे ठेवता येते. घरापासून दूर येऊन या मंडळाने पन्नास वर्षे मराठीपण जपले, तेही असेच. आपल्या मुलांनी स्वतःचे नाव, भाषा आणि सण संकोच न करता सांगावेत, एवढीच आमची प्रार्थना.