झांज कोणाच्या हातात?

मंडळाने बोलायला सांगितलं तेव्हा आम्हा दोघांनाही संकोच वाटला. भाषणाची सवय नाही. पण गेली काही वर्षं आरतीला आमच्यापैकी एकच जण का येतो, हे आपण अनेकांनी विचारलंत. त्याचं उत्तर आज देतो.

आमचा मुलगा स्वमग्न आहे. पाच वर्षांचा असताना याच मांडवात आरतीची पहिली झांज वाजली आणि तो कान दाबून जमिनीवर पडला, किंचाळू लागला. कोणी म्हणालं लाडावलाय, कोणी दृष्ट काढायला सांगितली. आम्ही राग धरला नाही, कारण आम्हालाही तो हट्टच वाटला होता. नंतर कान तपासून घेतले. ऐकणं अगदी ठणठणीत.

पंख्याची घरघर आपल्याला पाच मिनिटांनी ऐकू येईनाशी होते. मेंदू ती बाजूला सारतो. स्वमग्नता असलेल्या अनेकांना ही सवय लवकर लागत नाही. पंखा, ट्यूबलाइटच्या चोकची गुणगुण, शेजारच्या काकूंच्या बांगड्या, गुरुजींचा माईक, सगळं एकदम आणि सारख्याच जोराने येत राहतं. आणि त्यावर झांज! (बडोद्याची नवरात्र आम्ही कशी काढतो ते विचारूच नका.)

लिओ कॅनर या डॉक्टरांनी १९४३ साली अमेरिकेत ११ मुलांची वर्णनं प्रसिद्ध केली. त्यांत व्हॅक्यूम क्लीनरला, लिफ्टला घाबरणारी मुलं आहेत. पण अशी मुलं स्वतः मात्र खुशाल मोठा आवाज करतात, हेही कॅनरनी टिपलं होतं. त्रास होतो तो न सांगता अंगावर येणाऱ्या आवाजाचा. निदानाच्या अमेरिकन पुस्तिकेत संवेदनांचा हा भाग निकष म्हणून स्पष्टपणे यायला २०१३ साल उजाडलं. तोवर किती आयांनी 'वळण लावलं नाही' हे ऐकून घेतलं असेल!

हे वाचल्यावर आम्ही घरी झांज त्याच्याच हातात दिली. आठवडाभर तो ती नुसती निरखत होता. मग एकदाच वाजवली आणि कान झाकले. महिन्याभरात खालच्या मजल्यावरचे आजोबा वर आले, 'जरा हळू' म्हणायला. इतका आनंद आम्हाला कुठल्याच तक्रारीने झाला नव्हता.

दुसरी गोष्ट चेहऱ्यांची. नजर चांगली असूनही काहींना चेहरे ओळखणं जड जातं. आमचा त्यांतलाच. तो माणसं आवाजावरून, चालीवरून, चपलांवरून ओळखतो. गेल्या गौरींना आमच्या मजल्यावरच्या मावशी नऊवारी आणि नथ घालून आल्या. रोज खाऊ देणाऱ्या मावशींकडे त्याने परक्यासारखं पाहिलं. त्या दुखावल्या. "अरे, मी!" म्हणाल्या मात्र, त्याने त्यांच्या फ्लॅटचा नंबर सांगितला. तेव्हा त्याच्याशी बोलताना आधी आपलं नाव सांगा. त्यात मानापमान नाही.

काही संवेदना उलट मंद असतात. निरांजनाचा चटका बसलेला आम्हाला फोड दिसल्यावर कळला.

आणि काहींना अंकांना, वारांना रंग असतात. इंग्लंडचे डॅनिएल टॅमेट यांना अंक रंगरूपासह दिसतात. २००४ साली त्यांनी ऑक्सफर्डला पायचे २२,५१४ अंक तोंडपाठ म्हटले. हे सांगितलं की लगेच प्रश्न येतो, तुमचा काय करून दाखवतो? काही नाही. त्याचा मंगळवार हिरवा असतो, इतकंच.

आज संध्याकाळी तो मागच्या खांबापाशी उभा राहील. कानांवर हेडफोन असतील. तो गाणी ऐकत नसेल, आवाज अडवत असेल. हातात झांज असेल. गुरुजींना आम्ही एवढंच सांगितलं आहे, की 'सुखकर्ता' सुरू करण्याआधी एकदा त्याच्याकडे बघा. त्याने मान हलवली की सुरू करा.