महिनाभराचे अवांतर वाचन आणि शिक्षक

(केंद्र संमेलनात वाचलेल्या भाषणाचा मजकूर)



सुटीच्या महिन्यात शिक्षकाने काय वाचावे, या प्रश्नाला बहुधा ठराविक उत्तरे मिळतात. थोरांची चरित्रे वाचावीत, शिक्षणशास्त्रावरील ग्रंथ वाचावेत, पुढील इयत्तेची पाठ्यपुस्तके चाळावीत. ही उत्तरे अयोग्य नाहीत. तथापि अद्भुतकथा, प्रेमकथा आणि चित्रकादंबरी हे तीन प्रकार या यादीत सहसा आढळत नाहीत. पहिला पोरकट, दुसरा थिल्लर आणि तिसरा ज्यांना नीट वाचता येत नाही त्यांच्यासाठी, अशी समजूत रूढ आहे. मुले मात्र मोकळीक मिळताच प्रथम अशाच पुस्तकांकडे वळतात. ज्याने ती स्वतः वाचलेली नाहीत, तो शिक्षक त्यांतील कोणते मुलांच्या हाती द्यावे आणि कोणते देऊ नये, हे कशावरून ठरविणार? यास्तव एक महिना केवळ या तीन प्रकारांना दिला असता पदरी काय पडते, याचा हिशेब मांडणे अगत्याचे आहे.

प्रथम अद्भुतकथा घेऊ. मराठी कादंबरीचे बालपण बव्हंशी अद्भुताच्या संगतीत गेले. १८५७ साली बाबा पदमनजी यांच्या 'यमुनापर्यटन' या पुस्तकाने विधवांच्या दुःखाला वाचा फोडली खरी. परंतु त्यापाठोपाठ १८६१ मध्ये लक्ष्मणशास्त्री हळबे यांची 'मुक्तामाला' आणि १८६८ मध्ये नारो सदाशिव रिसबूड यांची 'मंजुघोषा' प्रसिद्ध झाली आणि वाचक कल्पनारम्य कथांत रमला. १८८५ मध्ये हरि नारायण आपटे यांची 'मधली स्थिती' अवतरली, तेव्हा कादंबरी पुन्हा घरात आणि समाजात आली. अशा कथा वाचकाला जीवनापासून पळवून नेतात, हा आक्षेप तेव्हापासून आजतागायत घेतला जातो.

या आक्षेपाला इंग्रजी ग्रंथकार टोल्किन यांनी १९३९ साली स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज विद्यापीठातील व्याख्यानात उत्तर दिले. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा, की रणांगणातून शिपायाने पळून जाणे आणि तुरुंगातील कैद्याने घराचा विचार करणे या दोन गोष्टी एक नव्हेत. टीकाकार त्यांची गल्लत करतात. ऊसतोडीच्या हंगामात आईबापांबरोबर गाव सोडणाऱ्या मुलाला पुस्तकातील दूरचा देश काही घटका लाभला, तर त्याला पळपुटा म्हणण्याचा अधिकार कोणाला आहे?

खेड्यातील शिक्षकाची शंका मात्र निराळी असते आणि ती रास्त आहे. जादूच्या गोष्टींनी अंधश्रद्धा वाढणार नाही काय? महाराष्ट्रात २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला. गंडेदोऱ्यांचा व्यापार त्यानंतरही पुरता थांबलेला नाही. परंतु महिनाभराच्या वाचनाने एक भेद स्पष्ट होतो. चांगल्या अद्भुतकथेत जादूला नियम असतो आणि तिची किंमतही मोजावी लागते. टोल्किन यांच्याच कथेतील अंगठी माणसाला अदृश्य करते, पण हळूहळू त्याचे मनही ग्रासते. शिवाय गोष्टीतील जादू पुस्तक मिटेपर्यंतच विश्वास मागते. भोंदू मांत्रिक त्यापुढचा विश्वास मागतो आणि वर दक्षिणाही घेतो. "या गोष्टीतील जादू आपल्या गावात चालेल का? का चालणार नाही?" हे दोन प्रश्न वर्गात मोकळेपणाने विचारले, तर अद्भुतकथेचा तास हाच विवेकाचा तास होऊ शकतो.

दुसरा प्रकार प्रेमकथेचा. प्राथमिक शाळेच्या कपाटात तिला जागा असावी, असे येथे सुचवावयाचे नाही. शिक्षकाने मात्र ती वाचलेली असावी. महाभारताच्या वनपर्वात बृहदश्व ऋषी युधिष्ठिराला नलदमयंतीची कथा सांगतात. रघुनाथपंडितांच्या आख्यानामुळे ती मराठी वाचकाच्या चांगली परिचयाची आहे. स्वयंवरमंडपात देव नलाचेच रूप घेऊन बसतात. दमयंती खरा नल ओळखते, कारण देवांना घाम येत नाही, त्यांच्या पापण्या लवत नाहीत, त्यांची सावली पडत नाही आणि त्यांचे पाय भूमीला टेकत नाहीत. ज्याला घाम आहे, ज्याच्या अंगावर धूळ आहे, त्या मर्त्य मानवाच्या गळ्यात ती माळ घालते. पुढे नल तिला अरण्यात सोडून जातो, तेव्हाही ती केवळ रडत बसत नाही. ब्राह्मणांकरवी ती त्याचा माग काढते आणि दुसऱ्या स्वयंवराची युक्ती योजून त्याला परत आणते.

या कथेचा प्राण निवडीत आहे. इंग्रजी लेखिका जेन ऑस्टिन यांच्या १८१३ सालच्या 'प्राइड अँड प्रेज्युडिस' या कादंबरीतही तेच आढळते. श्रीमंत डार्सीची मागणी एलिझाबेथ स्पष्ट शब्दांत नाकारते. तो तिचा पिच्छा पुरवीत नाही. एक पत्र देऊन निघून जातो आणि आपल्या स्वभावातील गर्वाकडे पाहू लागतो. याउलट, मुलीने नकार दिल्यावरही तिच्या मागे लागणाऱ्या नायकाला जी कथा शूर ठरविते, ती कथा हीन होय, मग तिची भाषा कितीही गोड असो. सातवी-आठवीतील मुलींचे विवाह घाईने उरकले जाण्याचा धोका ज्या गावांत आजही आहे, तेथील शिक्षकाला हा भेद कळणे आवश्यक आहे. २००६ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याने मुलीच्या विवाहाचे वय किमान अठरा वर्षे ठेवले आहे. कायद्याचे कलम पालकसभेत वाचून दाखविता येते. परंतु मुलीलाही मन असते आणि त्या मनाला विचारावे लागते, ही गोष्ट दमयंतीच्या कथेतून अधिक लवकर पोहोचते.

तिसरा प्रकार चित्रकादंबरीचा. हे नाव नवे असले, तरी चित्रांच्या क्रमाने कथा सांगण्याची रीत महाराष्ट्राला अपरिचित नाही. सिंधुदुर्ग जिल्ह्यात कुडाळजवळ पिंगुळी गावातील ठाकर समाजाचे चित्रकथी रामायण-महाभारतातील प्रसंगांची चित्रे एकामागून एक पुढे धरून कथा गातात. अशा चित्रसंचाला ते पोथीच म्हणतात. ही कला टिकविणारे परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. चित्रात पोथीची योग्यता पाहणाऱ्या या परंपरेपुढे, चित्रे अडाण्यांसाठी असतात, ही समजूत टिकत नाही.

२०११ साली प्रसिद्ध झालेल्या 'भीमायन' या इंग्रजी चित्रकादंबरीचे उदाहरण येथे विशेष घेण्याजोगे आहे. मध्य प्रदेशातील परधान गोंड चित्रकार दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम यांनी तीत डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांच्या जीवनातील प्रसंग रेखाटले. साताऱ्याच्या शाळेत लहानग्या भीमाला नळाला हात लावता येत नसे. शिपायाने तोटी सोडली तरच पाणी, शिपाई नसेल तर तहान. १९०१ मध्ये वडिलांना भेटण्यास निघालेला भीम व त्याच्याबरोबरची मुले मसूर स्थानकावर उतरली, तेव्हा दुप्पट भाडे देऊनही गाडीवान त्यांच्याशेजारी बसेना. मुलांनाच बैलगाडी हाकावी लागली आणि सारी रात्र पाण्यावाचून गेली. या चित्रकारांनी पाने चौकोनांत कोंडली नाहीत. कठोर बोलण्याच्या आकृतीला त्यांनी विंचवाची नांगी दिली आणि प्रेमळ बोलण्याला पक्ष्याचा आकार दिला. अक्षरे अडखळत वाचणारे मूलही कोणाचे बोलणे डंख मारते, हे त्या पानावर ओळखू शकते.

चित्रांनाही पारखून घ्यावे लागते. अनंत पै यांनी १९६७ साली सुरू केलेल्या 'अमर चित्रकथा' मालेने लाखो मुलांना पुराण व इतिहास यांची गोडी लावली. त्याच मालेत देव आणि वीर गोरे, तर राक्षस काळे रंगविले जातात, असा आक्षेपही अभ्यासकांनी घेतला आहे. पुस्तक लपवून ठेवणे हा त्यावर उपाय नव्हे. "दुष्टाला हाच रंग का दिला असेल?" असे मुलांना विचारावे. सावळ्या वर्णाच्या मुलाच्या दृष्टीने हा प्रश्न लहान नाही.

महिन्याचा हिशेब मांडताना असे दिसते, की या तिन्ही प्रकारांत उत्तम आणि टाकाऊ अशी दोन्ही पुस्तके आहेत आणि ती निवडण्याची दृष्टी वाचल्यावाचून येत नाही. दुसरी गोष्ट अधिक मोलाची आहे. पुढे काय झाले असेल, या उत्सुकतेने रात्री दिवा मालविण्यास उशीर झाल्याचा अनुभव ज्या शिक्षकाने पुष्कळ दिवसांनी घेतला, त्याला त्या उत्सुकतेची किंमत समजते. गोष्टीच्या अखेरीस लगेच तात्पर्य विचारून तो ती मोडणार नाही.

अनेक शाळांत पुस्तके आहेत, परंतु ती कपाटात कुलूपबंद आहेत. पुस्तक फाटले किंवा हरवले, तर डेडस्टॉक रजिस्टरचा मेळ कसा घालावयाचा, ही भीती खरी आहे आणि तिचा उपहास करण्याचे कारण नाही. तपासणीस येणाऱ्या अधिकाऱ्यांनीही हाताळून जीर्ण झालेले पुस्तक आणि निष्काळजीपणाने गहाळ झालेले पुस्तक यांत फरक केला पाहिजे. मुख्याध्यापकांनी जीर्ण पुस्तकांची वेगळी यादी ठेवून ती शाळा व्यवस्थापन समितीपुढे मांडावी, म्हणजे एकट्या शिक्षकावर भार येणार नाही.

शाळा उघडल्यावर आठवड्यातील एक तास मोकळ्या वाचनास द्यावा. त्या तासाला शिक्षकानेही मुलांबरोबर स्वतःचे पुस्तक घेऊन बसावे. त्या वेळी वह्या तपासू नयेत. तास संपताना एखाद्या मुलाने आपण होऊन काही सांगितले तर ऐकावे. कोणीच काही बोलले नाही, तरी पुढील आठवड्यात कपाट पुन्हा उघडावे.