नळी चमकते, पण रायफल चालते का?

मी शेलूबाजारहून बोलतोय. मध्येच ठकठक ऐकू आली तर वैतागू नका, शेजारी वेल्डिंगचं दुकान आहे आणि सोयाबीनच्या दिवसांत त्याला थांब म्हणायची माझी हिंमत नाही.

मी फौजेत आर्मोरर होतो, म्हणजे हत्यारं दुरुस्त करणारा. आता ट्रॅक्टरचं हायड्रॉलिक दुरुस्त करतो. मागच्या आठवड्यात एक पोट्टं ट्रॉलीचा जॅक घेऊन आलं. म्हणे, "काका, रॉड तं आरशासारखा चमकून राह्यला, मंग तेल काहून गळते?"

मी रॉड उन्हात धरून त्याला नखानं चाचपायला लावलं. नख अडकलं. बारीक खड्डा, त्याच्या कडेला तांबूस ठिपका. क्रोम वरून शाबूत दिसत होता, खालचं लोखंड मात्र गंजत चाललेलं. कडक क्रोमच्या थरात डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा असतात. त्यातून ओल आत शिरते, खाली गंज फुगतो आणि एक दिवस वरची खपली उडते. त्या खपलीची धार मग सील कापत बसते.

हेच मी वीस वर्षं रायफलच्या नळीत पाहिलं. म्हणून म्हटलं, आज यावरच बोलू.

नळीत क्रोम का देतात? गोळी सुटते तेव्हा आत हजारो पट दाब आणि भयंकर उष्णता असते. पाच पॉइंट छप्पनची गोळी सेकंदाला ९०० मीटरच्या आसपास वेगानं बाहेर पडते. हे एकदा नाही, हजारो वेळा. लोखंड १,५३८ अंशांना वितळतं, क्रोमियम १,९०७ अंशांना. शिवाय ते पोलादापेक्षा कडक आणि गंजाला दाद न देणारं. म्हणून नळी आम्लाच्या टाकीत ठेवून, वीज सोडून, आतून केसापेक्षाही पातळ थर चढवतात. पातळ असला तरी नळीचं आयुष्य त्यानं बरंच वाढतं.

पूर्वी हा थर नव्हता तेव्हाची गोष्ट शेतकऱ्याच्या पोरांना लगेच कळेल. जुन्या थ्री नॉट थ्रीच्या काडतुसाच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असायचं. बार उडाला की नळीत मागे काय राहायचं? पोटॅशियम क्लोराइड. म्हणजे आपलं पोटॅश! तेच, जे आपण पोत्यानं आणतो. पोटॅशचं पोतं फाटलं आणि ट्रॉलीत सांडलं तर एका पावसाळ्यात पत्र्याचं काय होतं, ते सांगायला नको. तसंच नळीचं व्हायचं. म्हणून शिपाई गोळीबारानंतर नळीत उकळतं पाणी ओतायचे, क्षार विरघळवायचे, मग चिंधी फिरवून तेल द्यायचे. तेलात मीठ विरघळत नाही, पाण्यात विरघळतं. नुसतं तेल लावणाऱ्याची नळी गंजायचीच.

आता क्रोमवाल्यांची फजिती ऐका. व्हिएतनामच्या जंगलात १९६५ नंतर अमेरिकन सैनिकांना एम-सोळा रायफल मिळाली. हिला फार साफसफाई लागत नाही, असा समज पसरला. सफाईचं सामानही पुरेसं पोचलं नाही. काडतूस जिथं बसतं त्या चेंबरला क्रोम नव्हता, वर दारूचा प्रकार बदलला होता. दमट हवेत रिकामी काडतुसं आत अडकू लागली. लढाईच्या मधोमध पोरं नळीत गज घालून ती ढकलत होती. त्यात माणसं मेली. पुढे १९६७ मध्ये चेंबरला क्रोम आला. पण त्याच्याबरोबर सफाईच्या किटही आल्या आणि रायफल कशी पुसावी याचं चक्क चित्रांचं कॉमिक छापून वाटलं. आता नुसत्या क्रोमनं भागलं असतं, तर कॉमिक कशाला छापलं असतं?

आपल्याकडची इन्सास पुण्याच्या पाषाणमधल्या एआरडीईनं आखली. तिची काडतुसं भुसावळजवळ वरणगावला बनतात. म्हणजे तशी घरचीच म्हणा. तिच्या नळीत क्रोम आहे. १९९९ ला कारगिलच्या थंडीत तिच्या तक्रारी आल्या त्या कशाच्या? प्लास्टिकचं मॅगझिन तडकणं, रायफल अडकणं. गाजल्या त्या या तक्रारी, नळीच्या नव्हेत. बर्फ, धूळ, चिखल हे सगळे रायफलमधला सगळ्यात कच्चा भाग शोधून काढतात, आणि तो बहुतेक वेळा नळी नसतो.

हे मला पुस्तकातून नाही कळलं. बर्फातली माझी पहिली हिवाळी पोस्टिंग. संध्याकाळी रायफली तपासायच्या होत्या. बोटं बधिर. मी एकेक नळी उजेडाकडे धरली, आत लखलखाट, "ठीक" लिहून मोकळा झालो. दुसऱ्या सकाळी चाचणीचा गोळीबार झाला. एका जवानाच्या रायफलनं एक गोळी सोडली आणि दुसरी घेतलीच नाही. पुन्हा कॉक केली, पुन्हा एकच. उघडून पाहिलं तर गॅसच्या वाटेत काजळी आणि गोठून मेणासारखं झालेलं तेल. बाहेरच्या थंडीतून रायफल बुखारीच्या उबेत आणली की तिला घाम सुटतो. तो तसाच ठेवून ती परत बाहेर नेली की आत बर्फ. नळीला काहीच झालं नव्हतं, अगदी नवरीसारखी.

आमचे हवालदार साहेब मला बाजूला घेऊन म्हणाले, "नली में मुँह देखने आया था क्या?" आवाज चढवला नाही. मग त्यांनी तो जवान दाखवला, बावीस-तेवीसचा असेल. त्याच रायफलवर तो आदल्या रात्री दोन तास पहाऱ्यावर उभा होता. मला त्या रात्री झोप आली नाही. त्यानंतर मी नळी सगळ्यात शेवटी बघायला लागलो.

क्रोम हा फुकटचा सौदाही नाही. थर सगळीकडे अगदी सारखा बसत नाही, त्यानं अचूकता थोडी जाते. कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळेनं २०२४ ला पॅरिसला ५० मीटर रायफलमध्ये कांस्य घेतलं. तसल्या स्पर्धेच्या रायफलींच्या नळ्यांत सहसा क्रोम नसतो. त्यांना चिखलात लोळायचं नसतं ना. फौजी रायफलला लोळायचं असतं. तिचा क्रोमही आधी झिजतो तो गोळी जिथं आट्यांत शिरते त्या तोंडाशी. तिथं तडे जातात, मग खपल्या. मागून उजेडात नळी चमकतेच, नवख्याला काही कळत नाही.

तर तो पोट्टा. तो पॉलिश पेपरनं रॉड घासायला निघाला होता, मी हात धरला. घासला असता तर उरलेला क्रोमही गेला असता. "खत वाह्यल्यावर ट्रॉली धुते का?" विचारलं. मान खाली. रॉड आता नव्यानं क्रोम करायला अकोल्याला गेलाय, यायला आठवडा लागेल. तोवर त्याच्या बापाचं सोयाबीन भाड्याच्या ट्रॉलीनं चाललंय, आणि बाप माझ्याशीही धड बोलून नाही राह्यला.